वादळाची रात्र आणि तळ्यातील मासे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे एक गाव लागते. पापनाशम म्हणजे पापाचा नाश करणारे स्थान. खर-दूषणांच्या वधाचे पातक फेडण्यासाठी श्रीरामचंद्रांनी येथे शिवलिंगांची स्थापना केली, अशी कथा तेथील एकशे आठ शिवलिंगांच्या देवळाविषयी सांगतात. गावाला लागूनच तिरुप्पालैत्तुरै येथे दुसरे शिवालय आहे. त्याच्या आवारात नायक राजांच्या काळातील, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीचे, विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. सुकाळात भरून ठेवावे आणि दुष्काळात काढून खावे, हा त्या कोठारामागचा साधा विचार. कावेरीच्या शाखा आणि कालवे यांनी हा सारा मुलूख विणून काढलेला आहे. याच मुलखावर सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत व्यंकोजी राजे आणि त्यांचे वंशज यांनी राज्य केले. म्हणून मराठी माणसाला तंजावर हे नाव परके वाटत नाही.

जेथे पाणी तेथे मासा. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात भाताच्या खाचरांइतकीच तळीही पुष्कळ. देवळांची पुष्करिणी निराळी, गावाचे तळे निराळे, आणि शेताच्या कडेला मुद्दाम खणलेले मत्स्यतळे निराळे. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या देशातील तीन मोठे गोडे मासे या तळ्यांत वाढतात. कटला वरच्या थरातले अन्न खातो, रोहू मधल्या थरातले आणि मृगळ तळाशी चरतो. त्यामुळे एकाच तळ्यात तिघेही सुखाने नांदतात. पूर्वी यांचे बीज नदीच्या पुरातून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेण्यात यश मिळविले, आणि मत्स्यशेतीचे रूपच पालटले. बीज हवे तेव्हा मिळू लागले, १९७१ पासून मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर सुरू झाले, आणि हेक्टरमागे पाच हजारांच्या आसपास बोटुकली सोडून वर्षाला तीन ते पाच टन मासळी काढता येते, हे सिद्ध झाले.

परंतु माणसाची आशा तेथे थांबत नाही. पाच हजार बोटुकली जगतात, तर दहा हजार का जगू नयेत? ती जगतात खरी. मात्र मग पाण्याला बाहेरून श्वास पुरवावा लागतो. त्यासाठी विजेवर फिरणारी वल्ह्यांची चक्रे तळ्यात बसवितात. ती पाणी उसळवून हवेत फेकतात, आणि प्रत्येक तुषार खाली पडताना आपल्याबरोबर थोडा प्राणवायू घेऊन येतो. चक्र फिरते आहे तोपर्यंत सारे ठीक चालते. पण ज्या तारेतून ही वीज येते, ती तार ज्या खांबावर टांगलेली आहे तो खांबच वादळात आडवा झाला, तर तळ्यातील माशांचे काय होते आणि त्यांना कसे वाचवावे, हा या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. ईशान्य मोसमी पाऊस हा या किनाऱ्याचा मुख्य पाऊस. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्याचे महिने, आणि वादळांचेही तेच. १९५२ च्या आणि १९७७ च्या नोव्हेंबरात नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळांची आठवण जुन्या माणसांनी दीर्घकाळ जपली. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘निशा’ नावाच्या वादळाच्या पावसाने हा प्रदेश जलमय झाला. आणि १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ‘गजा’ नावाचे चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता, आणि झोत त्याहूनही अधिक होते. हत्तीचे नाव धारण करणारे हे वादळ हत्तीसारखेच बागांतून तुडवीत गेले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या दक्षिणेकडील भागांत नारळीची लक्षावधी झाडे उन्मळून पडली. विजेचे लाखाहून अधिक खांब मोडले. सर्वांत जबर तडाखा त्या दक्षिण भागाला बसला. पापनाशम त्याच्या उत्तरेस आहे. तथापि वादळ कोणत्या वर्षी कोणत्या गावावरून जाईल, हे आधी कोणी ठरवून देत नाही. अनेक खेड्यांत वीज परत येण्यास दिवस नव्हे, तर आठवडे लागले.

नामसादृश्याचा एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. तामिळनाडूत पापनाशम नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठी आहे, आणि तेथे १९४४ पासून नदीच्या पाण्यापासून वीज निर्माण होत आली आहे. एका पापनाशमात पाण्यातून वीज निघते. दुसऱ्या पापनाशमात विजेवाचून पाण्यातील जीव गुदमरण्याची भीती!

आता तळ्याच्या आत काय घडते ते पाहू. माणूस ज्या हवेत वावरतो, तिच्या एका लिटरमध्ये सुमारे दोनशे सत्तर मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तीस अंश उष्णतेच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा ज्या घरात राहतो, तेथे श्वासाची श्रीमंती माणसाच्या घरातल्या श्रीमंतीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढीच. त्यातही पाणी जितके ऊन, तितका प्राणवायू त्यात कमी राहतो, आणि माशाची भूक व धाप मात्र उन्हाबरोबर वाढते. लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम असेल तोवर रोहू-कटला आनंदात असतात. तीनच्या खाली गेल्यावर कासावीस होतात. एकाच्या खाली गेल्यावर मरू लागतात.

हा प्राणवायू तळ्यात येतो कोठून? थोडा वाऱ्याने हवेतून मुरतो. पण मोठा भाग पाण्यातील सूक्ष्म शेवाळ तयार करते. तळ्याचे पाणी हिरवट दिसते ते या शेवाळामुळेच. दिवसा सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडते, आणि रात्री स्वतःच तो वापरू लागते. म्हणून तळ्यात प्राणवायू सायंकाळी सर्वांत अधिक आणि पहाटे सर्वांत कमी असतो. तळ्याची खरी परीक्षा पहाटे असते.

एक हिशेब मांडून पाहावा. एक एकराचे, दीड मीटर खोलीचे तळे घेतले, तर त्यात सुमारे साठ लाख लिटर पाणी असते. सायंकाळी लिटरमागे सहा मिलिग्रॅम प्राणवायू धरला, तर साऱ्या तळ्यात तो छत्तीस किलो होतो. एका एकरासाठी हा केवढा छोटा ठेवा! आता तळ्यात पंधराशे किलो मासे आहेत असे समजा. किलोमागे तासाला अडीचशे मिलिग्रॅम या मानाने ते रात्रीच्या बारा तासांत साडेचार किलो प्राणवायू घेतील. परंतु हे भाडेकरू लहान आहेत. खरा मोठा खर्च पाण्यातील शेवाळाचा आणि तळाच्या गाळातील कुजणाऱ्या द्रव्याचा असतो. तो लिटरमागे तासाला पाव मिलिग्रॅम धरला, तरी रात्रीत अठरा किलो होतो. दोन्ही मिळून साडेबावीस किलो खर्ची पडले, आणि पहाटे साडेतेरा किलो, म्हणजे लिटरमागे सव्वादोन मिलिग्रॅम उरला. मासे कासावीस झाले, पण तरले. ऊन पडले की पुन्हा भरणा होतो.

पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलेच नाही तर? वादळानंतर आभाळ दोन-दोन, तीन-तीन दिवस भरलेले राहते. शेवाळाची भट्टी मंदावते. सायंकाळी जमा सहा मिलिग्रॅमच्या जागी चारच झाली, असे धरले तर एकूण चोवीस किलो. खर्च मात्र तोच, साडेबावीस किलो. पहाटेच्या वेळी हाती राहतो दीड किलो, म्हणजे लिटरमागे पाव मिलिग्रॅम. त्या पहाटे तळ्यातील मासे मरतात. या हिशेबातून हवेतून मुरणारा प्राणवायू वगळला आहे, आणि प्रत्येक तळ्याचे आकडे निराळे असतात. तथापि संकटाची चाल अशीच असते. वादळाच्या रात्रीपेक्षा वादळानंतरची दुसरी किंवा तिसरी पहाट अधिक घातक ठरते, ती याच कारणाने.

यात एक उलटा भासणारा, पण खरा मुद्दा दडला आहे. वारा घोंघावत असतो तेव्हा तळ्याला धोका त्या मानाने कमी असतो; कारण लाटाच प्राणवायू पाण्यात मिसळीत असतात. वारा पडतो, पाऊस थांबतो, सारे शांत होते, घरातील माणसे दमून झोपी जातात, आणि तेव्हा तळ्याचा घात सुरू होतो. शिवाय वादळ आणखी दोन-तीन गोष्टी करून गेलेले असते. तळ खोल असेल, तर वाऱ्याने वरचे आणि खालचे पाणी ढवळले जाऊन तळाशी साठलेले प्राणवायूहीन पाणी वर येते. काठावरील झाडांची पाने आणि फांद्या पाण्यात पडून कुजू लागतात. शेतातील मातकट पाणी आत घुसते, सूर्यकिरण अडवते आणि माशांच्या कल्ल्यांत चिखल साचवते. किनाऱ्याजवळच्या कोळंबीच्या निमखाऱ्या तळ्यांत तर पावसाचे हलके गोडे पाणी वर तरंगते आणि खालच्या खाऱ्या पाण्याला हवेपासून तोडते. अशा तळ्याचा वरचा थर आधी काढून टाकावा लागतो.

पापनाशमच्या आसपास असा एक मत्स्यशेतकरी आहे अशी कल्पना करावी. वर्षभराच्या कष्टाचे मोल तळ्यात आहे. बँकेचे कर्ज आहे, मुलीचे शिक्षण आहे, आणि मासळी बाजारात जाण्यास अजून सहा आठवडे आहेत. आकाशवाणीवरून वादळाची सूचना मिळाली. त्याने काय करावे?

त्याने सर्वांत प्रथम चारा बंद करावा. हे मनाला पटण्यास कठीण आहे. संकट आले म्हणजे जनावराला चांगले खाऊ घालावे, ही शेतकऱ्याची वृत्ती. पण खाल्लेला कोंडा आणि पेंड पचविण्यास माशाला अधिक श्वास लागतो, आणि न खाल्लेला चारा तळाशी कुजून तोच श्वास खातो. मासे काही दिवस उपाशी राहून मरत नाहीत. प्राणवायूवाचून काही तासांत मरतात. शेणखत किंवा रासायनिक खतही अशा वेळी टाकू नये. उपवास हाच येथे पहिला उपचार होय.

दुसरी गोष्ट, सवड असेल तर विकण्याजोगे मोठे मासे आधीच काढून बाजारात पाठवावेत. प्राणवायू कमी झाला म्हणजे मोठे मासे आधी मरतात, लहान मागून मरतात; वरच्या थरातला कटला फार लवकर कासावीस होतो. एक पंचमांश मासळी आधी काढली, तर उरलेल्यांचा वाटा तितका वाढतो. त्याच वेळी बांध पाहावा, कमकुवत जागी माती घालावी, काठाभोवती आणि पाणी येण्या-जाण्याच्या तोंडांवर जाळी लावावी. नाहीतर तळे भरून वाहिले की मासे प्राण वाचवून शेजाऱ्याच्या खाचरात जातील. तेलावर चालणारे इंजिन, पंप, पाइप आणि पुरेसे डिझेल वादळापूर्वीच आणून, इंजिन एकदा चालवून पाहावे. वादळानंतर डिझेलच्या पंपावर माणसांची रांग लागलेली असते, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरले आहे त्यांची गरज तळ्यापेक्षा मोठी असते.

वादळ चालू असताना मात्र काहीही करू नये. तळ्यावर जाऊ नये. उडालेला पत्रा, मोडलेली नारळी आणि तुटलेली तार यांना माणूस व मासा यांतला फरक कळत नाही. वारा पडल्यावरही, तार जमिनीवर किंवा पाण्यात पडलेली दिसली तर पाण्यात उतरू नये. ती निर्जीव असेल, हे गृहीत धरू नये. विद्युत्जनित्र वापरावयाचे असेल तर ते बंद खोलीत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू वासावाचून माणसाचा बळी घेतो. तसेच ते घराच्या वाहिनीला परस्पर जोडू नये. त्याची वीज उलट तारेत शिरून खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. माशांचे प्राण वाचविताना माणसाचे प्राण पणाला लावणे हा शहाणपणा नव्हे.

त्यानंतरच्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास कंदील घेऊन तळ्यावर जावे. मासे संकटात असतील तर ते स्वतःच सांगतात. ते पृष्ठभागावर येतात, तोंड उघडून पाण्याची वरची पातळ साय ओढतात; कंदिलाचा उजेड पडला किंवा काठीने पाणी थापटले, तरी खाली जात नाहीत. वरची साय हवेला लागलेली असल्यामुळे तेथे थोडा प्राणवायू असतो. ती चाटून ते वेळ काढीत असतात. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. सारे तळे जणू बारीक टपटप आवाज करीत भिक्षा मागत असते.

येथे इंजिनचा उपयोग होतो, पण तो नीट समजून करावा लागतो. पाच अश्वशक्तीचा साधा पंप सेकंदाला दहा-बारा लिटर पाणी उचलतो असे धरले, तर सहा तासांत तो सुमारे अडीच लाख लिटर पाणी फिरवील. साठ लाख लिटरच्या तळ्यात हा विसावा-पंचविसावा हिस्सा झाला. म्हणजे सारे तळे वाचविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. एक कोपरा वाचवावा. तळ्याच्या एका टोकाचे पाणी उचलून ते उंचावरून, भोके पाडलेल्या पत्र्यावर किंवा बांबूच्या चटईवर सोडावे, म्हणजे ते थेंबाथेंबाने त्याच कोपऱ्यात पडेल. ते काम मासे दमण्यापूर्वी, म्हणजे मध्यरात्रीच्या आतबाहेर, सुरू करावे. मासे त्या कोपऱ्याकडे आपोआप गोळा होतात, आणि हजारो मासे काही वाव्यांच्या पाण्यात पहाट काढतात. ऊन वर आल्यावर आणि सारे तळे सावरल्यावरच इंजिन थांबवावे.

नवीन पाणी आणावे काय, असा प्रश्न निघतो. कालव्याचे वाहते पाणी, जाळीतून गाळून घेतलेले, उत्तम. पण कूपनलिकेचे पाणी जमिनीच्या पोटातून येते. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. ते थेट तळ्यात सोडणे म्हणजे उपाशी माणसाला रिकामे ताट देणे होय. ते दगडांवरून उसळत, हवा पीत तळ्यात आले पाहिजे.

इंजिन नसेल तर माणसांचे हात आहेत. चार-सहा माणसांनी होडीतून किंवा काठावरून वल्ह्यांनी आणि बांबूंनी पाणी थापटावे, बादल्यांनी उचलून वरून ओतावे. ही पद्धत जुनी आणि थकवणारी आहे. एका एकरासाठी ती अपुरी पडते, पण लहान तळ्याला ती तारू शकते. मात्र चिखलात उतरून तळ ढवळू नये. त्याने गाळातील कुजलेले द्रव्य वर येऊन उरलासुरला प्राणवायूही संपतो. मासे तोंड उघडून वर आले असताना त्यांच्यामागे ओढजाळे फिरविणे हाही असाच घात होय; दमलेला मासा पळताना मरतो.

औषधांविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे. पोटॅशियम परमँगनेट टाकले की पाण्यात प्राणवायू मिसळतो, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. त्याचा मासा श्वास म्हणून उपयोग करू शकत नाही. उलट त्याने शेवाळ मेले, तर दुसऱ्या दिवसाचा कारखानाच बंद पडतो. पावसाने पाणी आंबट झाले असेल तर शेतीचा चुना माफक प्रमाणात टाकावा. पडलेली पाने, फांद्या आणि मेलेले मासे लवकर बाहेर काढावेत. मेलेले मासे विकू नयेत. तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

निसर्गाने काही माशांना मात्र या संकटाची तयारी आधीच करून दिली आहे. मरळ आणि मागूर हे मासे पाण्यावर येऊन सरळ हवा घेतात. शेजारचा रोहू मेला, तरी ते तगतात. या बाबतीत तंजावरच्या किनाऱ्याला विज्ञानाच्या इतिहासात एक स्थान आहे. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने तरंगंबाडी हे किनाऱ्यावरील गाव डेन्मार्कच्या लोकांना वसाहतीसाठी दिले. पुढे शरफोजी महाराजांचे शिक्षक श्वार्ट्झ ज्या मिशनमधून आले, तिची सुरुवात याच गावात झाली. त्याच तरंगंबाडीत अठराव्या शतकाच्या अखेरीस डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश अधिकाऱ्याने ताडाच्या खोडावर चढलेला एक मासा पाहिल्याचे लिहून ठेवले, आणि १७९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने ते प्रसिद्ध केले. या माशाच्या कल्ल्यांच्या वर घड्या पडलेला एक अवयव असतो, आणि त्याच्या साहाय्याने तो हवेत श्वास घेतो. झाडावर चढण्याची गोष्ट पुढच्या अभ्यासकांनी फारशी मान्य केली नाही. पण आटलेल्या तळ्यातून ओल्या गवतावरून दुसऱ्या तळ्याकडे तो जातो, हे मात्र खरे. ज्या मुलखात पाणी कधी फार आणि कधी नसल्यासारखे असते, तेथे काही मासे श्वासाची दुसरी वाट ठेवून जगतात. कटला-रोहूंना ती वाट नाही. नदीच्या वाहत्या पाण्यातून त्यांना तळ्यात आणले ते माणसाने; म्हणून त्यांच्या श्वासाचे उत्तरदायित्वही माणसावर येते.

मराठी श्रोत्याला ही गोष्ट दूरची वाटू नये. भंडारा-गोंदिया भागांतील कोहळी मंडळींनी बांधलेली जुनी मालगुजारी तळी, ढिवर समाजाची त्यांवरील मासेमारी, आणि अलीकडच्या काळात गावोगाव झालेली प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी ही सारी याच नियमाने चालतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा तेथील अनेक गावांत पुष्कळ दिवस दिवा लागला नाही. घरच्या काचेच्या पेटीत किंवा अंगणातील हौदात रंगीत मासे पाळणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू पडते. वीज गेली की खाणे बंद करावे, भांडे दाटीने भरलेले असेल तर काही मासे वेगळे काढावेत, आणि तांब्याने पाणी वर उचलून पुन्हा हळू धारेने त्यातच ओतावे. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरात असावा. नळाचे पाणी घालावयाचे तर ते आधी साठवून, त्यातील क्लोरीन उडून गेल्यावरच घालावे.

शेवटी प्रश्न इंजिनाचा नाही, तर मोजमापाचा आहे. तळ्यात किती मासे ठेवावेत, याचे उत्तर चक्र फिरत असतानाच्या उन्हाळी दुपारी शोधू नये. आभाळ भरलेल्या, वीज गेलेल्या पहाटे ते तळे किती जिवांना श्वास देईल, हे पाहून शोधावे. त्याहून अधिक जे ठेवले जाते, ते तारेच्या भरवशावर ठेवलेले असते. तारेचा भरवसा धरण्यात गैर काही नाही. विजेने खेड्यातील माणसाचे अनेक कष्ट हलके केले आहेत. पण ज्याने अधिक घेतले, त्याने अधिक तयारी ठेवावी, हा न्याय येथेही लागू आहे. दोन पहाटांपुरते डिझेल, एक चालते इंजिन, भोके पाडलेला एक पत्रा, आणि रात्री तीन वाजता उठणारा एक माणूस, एवढी ती तयारी.

पापनाशमच्या त्या धान्यकोठारासमोर उभे राहिले की, जुन्या राजांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. दुष्काळासाठी त्यांनी धान्य साठविले. पण धान्य साठविता येते, श्वास साठविता येत नाही. तो प्रत्येक रात्री नव्याने पुरवावा लागतो. म्हणून ज्या शेतकऱ्याने वादळानंतर इंजिन चालू ठेवून ओल्या बांधावर बसून पहाट काढली, आणि उजाडल्यावर मासे पुन्हा खोल पाण्यात गेलेले पाहिले, त्याने त्या रात्री आपले वर्षभराचे कोठार राखले, असेच म्हटले पाहिजे.